रेडिएटरवाल्याचा टोमॅटो

शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावात, बियाणं आणि खिळे-स्क्रू एकाच छपराखाली विकणाऱ्या दुकानासमोर, तीन-चार पिकअप ट्रक उभे असतात. एकाचा फाळका खाली पाडलेला असतो. कुणी त्यावर बसलेलं, कुणी टेकून उभं. विषय ठरलेले. बागेतला छोटा ट्रॅक्टर हिवाळाभर उभा राहिला म्हणून सुरू होईना; कार्ब्युरेटर उघडला तर आत चिकट पिवळा थर. पावसाने आधी ओढ दिली आणि मग तो एकदम कोसळला, त्यामुळे टोमॅटो तडकले. भोपळ्याच्या वेलाचं खोड अळीने पोखरलं. ट्रकचं गिअर ऑइल बदलायची वेळ झाली. तास-दीड तास हे चालतं आणि मग सगळे आपापल्या वाटेला लागतात.

या बोलण्याबद्दल शिकल्यासवरल्या माणसांचं एक मत ठरून गेलं आहे. ते असं : हे सगळे घोड्याएवढे झाले तरी खेळणी न सुटलेले लोक आहेत. ज्यांना काही वाहून न्यायचं नाही त्यांच्याकडे ट्रक आहे, ज्यांच्याकडे शेत नाही त्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे, आणि दुकानात ढिगाने मिळणारी भाजी ते दहापट खर्च करून पिकवतात. त्यांचं ज्ञान ऐकीव आहे. शेतीसाठी विद्यापीठं आहेत, यंत्रांसाठी कंपन्या आणि मेकॅनिक आहेत. या हौशी मंडळींच्या बडबडीने जगात काही हलत नाही. हेच मत मराठी घरांतही थोड्या फरकाने ऐकू येतं. न्यू जर्सीत अळू लावणाऱ्याला ‘इंडियन स्टोअरमध्ये मिळतं की’ असं सांगितलं जातं. पुण्यात गच्चीवर मिरच्या लावणाऱ्या बाईंना कुंड्यांचा खर्च विचारला जातो.

हे मत नुसतं तुसडं असतं तर सोडून देता आलं असतं. पण ते चुकीचं आहे, आणि ज्यांनी आयुष्यात कधी पाना हातात धरला नाही अशा लोकांनी ते पसरवलं आहे.

पहिला आरोप खेळण्यांचा. बागेच्या ट्रॅक्टरचा इतिहास पाहिला तर तो कुठल्याही मोठ्या कंपनीच्या आराखड्यातून सुरू होत नाही. पश्चिम व्हर्जिनियातल्या डनबर गावात बेंजामिन ग्रेव्हली नावाचे एक छायाचित्रकार होते. पोट भरायचं ते फोटोंवर. घरच्या भाजीच्या वाफ्यांची मशागत सोपी व्हावी म्हणून त्यांनी ‘इंडियन’ कंपनीच्या मोटारसायकलचे भाग वापरून मागून चालत हाकायचा एक यांत्रिक नांगर तयार केला. साल १९१६. पुढे १९२२ मध्ये त्याची कंपनी झाली आणि त्यांच्या नावाची यंत्रं आजही विकली जातात. गुजरातमधल्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी १९९४ मध्ये बुलेट मोटारसायकलला मागे अवजार जोडून ‘बुलेट सांती’ बनवली, तेव्हा त्यांना ग्रेव्हलींचं नाव ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. दोघांसमोर प्रश्न एकच होता : मशागत सोपी करायची आहे, आणि मोटारसायकल हाताशी आहे. फोटो काढणाऱ्या माणसाने नांगराच्या गप्पा मारू नयेत असं १९१६ मध्ये कुणी त्याला पटवलं असतं, तर कुणाचं भलं झालं असतं?

१९६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या बड्या ट्रॅक्टर कंपनीने ‘कब कॅडेट’ नावाचा सात अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आणला. ओतीव लोखंडाचं एका सिलिंडरचं कोहलर इंजिन, दणकट बांधणी. १९८१ मध्ये कंपनीने हा धंदा विकून टाकला. त्यानंतर चार-पाच वर्षांत तिचा शेतीयंत्रांचा विभागही दुसऱ्याच्या हाती गेला. पण त्या काळातले ट्रॅक्टर आजही लोकांच्या अंगणात गवत कापतात आणि बर्फ ढकलतात. मूळ कंपनी राहिली नाही, तिथले अभियंते निवृत्त झाले, मग हे यंत्र साठ वर्षं कुणी चालू ठेवलं? कुठल्या वर्षीचा कुठला भाग कुठल्या मॉडेलला बसतो, पिस्टनची रिंग कुठे मिळते, इग्निशनच्या पॉइंटमधलं अंतर किती ठेवायचं, हे ज्यांनी एकमेकांना सांगत ठेवलं त्यांनी. फाळक्यावर बसून चाललेलं ते कंटाळवाणं बोलणं म्हणजे याच यंत्रांची जिवंत पुस्तिका आहे. मग अंगणात तीन पिढ्या राबणाऱ्या यंत्राला खेळणं कोणत्या हिशेबाने म्हणायचं?

कार्ब्युरेटरमधल्या चिकट थराचंच घ्या. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून छोट्या इंजिनांना त्रास सुरू झाला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेलं इंधन खराब होतं आणि बारीक छिद्रं बुजतात. हिवाळ्याआधी टाकी रिकामी करा, नाहीतर इंधन टिकवणारं औषध घाला आणि इंजिन पाच मिनिटं चालवा, हा सल्ला अमेरिकेतल्या अंगणांत कधीचाच रुळलेला आहे. भारतात आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं आहे. कोकणातल्या घरी आठ महिने न वापरता ठेवलेल्या ग्रासकटरच्या मालकाला हा सल्ला जेवढा उपयोगी आहे, तेवढी कंपनीची गुळगुळीत जाहिरात नाही.

ट्रकचीही तीच गोष्ट. फोर्डने कारखान्यात बनवलेला पहिला पिकअप १९२५ मध्ये बाजारात आणला, किंमत २८१ डॉलर. त्याआधी कितीतरी वर्षं शेतकरी आणि गावोगावचे लोहार-सुतार मॉडेल टी मोटारीचा मागचा भाग काढून तिथे लाकडी हौदा बसवत होते. एवढंच नाही, मोटारीचं मागचं चाक जॅकवर उचलून त्यावर पट्टा चढवायचा आणि लाकूड कापायची करवत, मक्याचे दाणे सोलायचं यंत्र, पाण्याचा पंप, अगदी कपडे धुण्याचं यंत्रही चालवायचं, असे उद्योग खेड्यापाड्यांत सर्रास चालत. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या अभ्यासकांनी १९९६ मध्ये यावरच एक निबंध लिहिला. वापरणारा माणूसच यंत्र घडवत असतो, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. फोर्ड कंपनी नंतर जागी झाली. तिने जे विकायला काढलं ते लोक आधीच अंगणात बनवत होते, आणि ‘तू कसा बसवलास?’ असं एकमेकांना विचारत होते.

एक गोष्ट मान्य करायला हवी. आजच्या अमेरिकेत असंख्य अवजड ट्रक रिकामेच फिरतात आणि त्यांची उंच बॉनेटं पायी चालणाऱ्यांच्या जिवावर उठली आहेत. तिथल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये दाखवलं की चाळीस इंचांहून उंच बॉनेटच्या वाहनाने ठोकरलेला पादचारी दगावण्याची शक्यता, बुटक्या आणि उतरत्या बॉनेटच्या वाहनापेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. हा राग रास्त आहे. पण तो शोरूममधल्या मालावर आणि तो विकणाऱ्यांवर निघायला हवा. वीस वर्षांच्या ट्रकमधून शेणखत आणणाऱ्या आणि त्याचं गिअर ऑइल स्वतः बदलणाऱ्या माणसावर तो काढण्यात कसला न्याय?

आता पैशांचं. विरोधकांचा हा सगळ्यात लाडका मुद्दा. विल्यम अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाने २००६ मध्ये आपल्या बागेचं पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच हिशेब आहे, ‘द सिक्स्टी-फोर डॉलर टोमॅटो’. बाग आखून घेण्यापासून कुंपणापर्यंतचा खर्च मांडून त्याने ब्रँडीवाइन जातीच्या एका टोमॅटोची किंमत चौसष्ट डॉलर काढली. लेखक स्वतः बागेत रमलेला माणूस होता. पण हा आकडा पुढे ज्याच्या त्याच्या तोंडी बसला तो हौशी लोकांना गप्प करण्यासाठी. मुलाच्या तबल्याच्या शिकवणीचा खर्च घरात झालेल्या बैठकींनी कुणी भागतं का? क्रिकेटच्या बॅटची किंमत धावांनी भागतं का? मग फक्त भाजी लावणाऱ्याकडेच पावती का मागायची?

आणि पावती हवीच असेल तर तीही आहे. ग्रेव्हलींच्याच पश्चिम व्हर्जिनियात, लोगन गावात, एम. सी. बाइल्स नावाचा माणूस राहायचा. सगळे त्याला ‘रेडिएटर चार्ली’ म्हणत. डोंगरातल्या उभ्या चढाच्या पायथ्याशी त्याचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. माल भरलेले ट्रक चढावर तापायचे आणि उतरून त्याच्याकडे यायचे. वनस्पतिशास्त्राचं शिक्षण शून्य. १९३० च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, त्याने मोठ्या आणि चवदार टोमॅटोची जात तयार करायचं मनावर घेतलं. ‘जर्मन जॉन्सन’ जातीचं एक रोप मधोमध लावलं, भोवती दुसऱ्या मोठ्या जातींच्या रोपांचं कडं केलं. लहान बाळाचा कान धुवायची रबरी पिचकारी घेऊन त्याने कड्यातल्या फुलांचे पराग मधल्या रोपाच्या फुलांवर नेले. त्यातून आलेल्या रोपांतली उत्तम निवडून पुन्हा मधे लावायची, पुन्हा कडं, पुन्हा पिचकारी. सहा-सात वर्षं हे चाललं. मग त्याने रोपं विकायला काढली, एका रोपाला एक डॉलर, त्या काळातला डॉलर. लोक दोनदोनशे मैलांवरून यायचे. घरावरचं सहा हजार डॉलरचं कर्ज सहा वर्षांत फिटलं आणि जातीचं नाव पडलं ‘मॉर्टगेज लिफ्टर’, म्हणजे गहाण सोडवणारा. बियाण्यांच्या सूचीत ते नाव आजही आहे.

ट्रक, दुरुस्ती आणि घरचा टोमॅटो हे तिन्ही विषय या एका माणसाच्या दुकानात एकत्र आले होते. त्या दुकानात रेडिएटर थंड होईपर्यंत टोमॅटोचं बोलणं निघत नसेल असं कुणाला वाटतं? ती बडबड निरर्थक होती काय?

चवीचा मुद्दाही विरोधक हसण्यावारी नेतात. दुकानातला टोमॅटो बेचव लागतो असं परसातले लोक पन्नास वर्षं सांगत होते. उत्तर मिळायचं, ‘लहानपणीचं सगळंच गोड लागतं.’ २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अ‍ॅन पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन आलं. बाजारासाठी पैदासकार सुमारे सत्तर वर्षं असे टोमॅटो निवडत आले होते, जे कच्चे असताना सगळीकडून सारखे फिकट हिरवे दिसतात, म्हणजे काढणीची वेळ एका नजरेत कळते. त्या निवडीत एक जनुक निकामी झालं होतं. ते जनुक चालू असलं की कच्च्या फळाचे खांदे गडद हिरवे राहतात, तिथे हरितकणू जास्त असतात, आणि पिकलेल्या फळात साखर जास्त उतरते. परसातल्या बऱ्याच जुन्या जातींचे खांदे हिरवेच असतात. म्हातारे लोक ज्याला चव म्हणत होते तिचा एक भाग त्या हिरव्या खांद्यांत होता, आणि तो प्रयोगशाळेला सापडायला २०१२ उजाडावं लागलं. आठवणींनी हळवे झालेले म्हणून ज्यांची टर उडवली, त्यांची या संशोधनानंतर कुणी क्षमा मागितली का?

तज्ज्ञांवर सोडा म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट आठवावी. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा घरोघरी भाजी लावण्याच्या कल्पनेला तिथल्या कृषी खात्यातूनच नाकं मुरडली गेली. नवशिके लोक बियाणं आणि खत वाया घालवतील, ही भीती होती. एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसच्या आवारात भाजीचा वाफा करायचं ठरवलं तेव्हा त्यालाही आधी विरोध झाला. १९४३-४४ पर्यंत देशात सुमारे दोन कोटी ‘व्हिक्टरी गार्डन’ उभ्या राहिल्या, आणि देशातल्या ताज्या भाजीपाल्यातला जवळपास चाळीस टक्के वाटा त्यांतून येत होता असा अंदाज आहे. त्या नवशिक्यांना वाफा कसा करायचा ते कुणी शिकवलं? सरकारी पत्रकांनी काही, आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याने बरंच काही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी सुरू झाली तेव्हा बर्पी या १८७६ पासूनच्या बियाणे कंपनीने आपल्या इतिहासातली सर्वाधिक विक्री नोंदवली. दुकानांतल्या फळ्या रिकाम्या दिसल्याबरोबर या हौशी बागवाल्यांनाच ‘दुधी कधी लावतात?’ असं विचारायला माणसं आली.

या बोलण्यात चुकाही होतात. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडलं की एप्सम सॉल्ट घाला, असं सांगणारा प्रत्येक घोळक्यात एक तरी सापडतो. तो रोग कॅल्शियमच्या तुटीचा आणि अनियमित पाण्याचा; मॅग्नेशियमचं मीठ घातल्याने तो बरा होत नाही, उलट वाढू शकतो. पण बोलणं चालू असलं तर ही चूक दुरुस्त करणाराही तिथेच भेटतो. विद्यापीठांनी हे केव्हाच ओळखलं. वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठाच्या शेतीविस्तार केंद्राला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बागवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणं आटपेना, तेव्हा त्यांनी हौशी लोकांनाच शिकवून ‘मास्टर गार्डनर’ केलं आणि प्रश्न त्यांच्याकडे पाठवले. आज ही पद्धत अमेरिकाभर आहे. तज्ज्ञांना ज्यांची गरज पडली, त्यांना बिनकामाचे म्हणायचा अधिकार तज्ज्ञ नसलेल्यांना कुणी दिला?

महाराष्ट्राला तर हे नव्याने सांगायलाच नको. श्रीपाद अच्युत दाभोळकर गणिताचे अध्यापक होते, शेतकी पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांचा ‘प्रयोग परिवार’ उभा राहिला तो भेटी, पत्रं आणि एकमेकांच्या मळ्यांत जाऊन केलेल्या चर्चांवर. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसच्या वेलींमधून वेगळी वेल हेरली, ती ‘तास-ए-गणेश’ म्हणून राज्यभर पसरली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम प्राथमिक शाळा शिकलेले, एकरा-दीड एकराचे धनी. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वाढवल्या, शेजाऱ्यांना दिल्या. त्या काळी घड्याळाचं जे नाव सगळ्यांच्या मनगटावर होतं तेच त्या तांदळाला मिळालं, एचएमटी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. परसबागेतल्या वाल-घेवड्यांचं गावठी बियाणं जपणाऱ्या या बाईंना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. यांपैकी प्रत्येकाचं काम पसरलं ते एकमेकांना दाखवण्या-सांगण्यातून. बांधावर झालेलं ते बोलणं सन्मानाचं आणि पार्किंगमध्ये फाळक्यावर बसून झालेलं थट्टेचं, असा भेद करता येणार नाही.

न्यू जर्सीतल्या अळवाचं आणि कढीपत्त्याचंही तसंच आहे. कढीपत्त्याची कुंडी पहिल्या गारठ्याच्या आधी घरात घ्यायची, खिडकीत दक्षिणेचं ऊन मिळेल अशी ठेवायची, हिवाळ्यात पाणी कमी करायचं, हे कुठल्या दुकानदाराने सांगितलेलं नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका काकूंनी ते दुसरीला सांगितलं. रोप दिलं, आणि ते जगलं.

या तुसड्या मताचा खरा फायदा कुणाला होतो, हेही विचारायला हवं. गेल्या काही वर्षांत ट्रॅक्टरमध्ये संगणक शिरले आणि कंपन्यांनी दुरुस्तीचं सॉफ्टवेअर कुलुपात ठेवलं. सेन्सर बिघडला तर यंत्र थांबतं, आणि ते पुन्हा सुरू करायला कंपनीचा अधिकृत माणूस यावा लागतो. काढणीच्या दिवसांत दोन दिवस वाट पाहणं म्हणजे पीक पावसात. जे लोक स्वतःचं यंत्र उघडत आले होते तेच याविरुद्ध आधी उभे राहिले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट नियमांत ट्रॅक्टर आणि मोटारींच्या दुरुस्तीसाठी सूट मिळाली. २०२३ मध्ये कोलोराडो राज्याने शेतीयंत्रं दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला. देशातला तो या प्रकारचा पहिला. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डियर कंपनीवर याच मुद्द्यावर खटला भरला.

हा लढा स्वतःच्या यंत्राचं झाकण उघडणाऱ्यांनी उभा केला, तयार माल घेऊन बिघडला की फेकून देणाऱ्यांनी नाही. कंपनीला विकायचं आहे ते कुलूपबंद यंत्र आणि एकसारखा फिका टोमॅटो, आणि त्यासाठी तिला ज्याला काहीच विचारायचं नाही असं गिऱ्हाईक लागतं. पिस्टनची रिंग कुठे मिळते, हिरव्या खांद्यांचं बियाणं कुणाकडे आहे, टाकीतलं इथेनॉल कसं निपटायचं, हे एकमेकांना विचारणारी माणसं त्या गिऱ्हाइकात मोडत नाहीत. त्यांना हसणाऱ्यांनी एकदा आपल्या घरातली बंद पडलेली चार यंत्रं ओळीने मांडावीत आणि त्यांतलं कुठलं आपल्याला उघडता येतं ते पाहावं. मग शनिवारी सकाळी त्या फाळक्यापाशी जाऊन उभं राहावं आणि गप्प बसून ऐकावं.